मुख्य सिस्टिम बसली तरी काम अडू नये: डेस्कटॉपवर राखीव लिनक्स कशी ठेवाल

लिनक्स सहसा दगा देत नाही. देते तेव्हा निमित्त बहुतेक वेळा अपडेटचं असतं. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) येतो, ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नाही, आणि लॉगिनच्या जागी नुसता लुकलुकणारा कर्सर दिसतो. कधी अपडेट अर्ध्यावर असताना वीज जाते, कधी डिस्कच मान टाकते. दुरुस्ती होत नाही असं नाही, पण ती सवडीने करायची गोष्ट आहे. तासाभरात फाइल पाठवायची असताना करायची नव्हे. त्याच डेस्कटॉपवर दुसरी, कामाला तयार असलेली लिनक्स असेल तर रीस्टार्ट करून लगेच कामाला लागता येतं.

दुसरी लिनक्स टाकणं अवघड नाही. अवघड आहे ती खरोखर राखीव ठेवणं. अनेकांच्या डेस्कटॉपवर दोन डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) असतात, पण दोघींचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) एक, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) एक, होमसुद्धा (तुमच्या फाइली-सेटिंगचा फोल्डर) एक. पहिली पडली की दुसरीलाही घेऊन पडते. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय मी एकाच कसोटीवर घासून घेतला आहे: मुख्य सिस्टिमची डिस्क उपसून बाहेर काढली, तरी राखीव सिस्टिम सुरू होईल का?

(या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत, उच्चारतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

आधी तीन गैरसमज बाजूला

लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून थेट चालणारी लिनक्स) म्हणजे राखीव सिस्टिम नव्हे. ती हाताशी असायलाच हवी, पण तिच्यात तुमचा प्रिंटर नाही, पासवर्ड नाहीत, मराठी कीबोर्डची मांडणी नाही, ईमेल नाही. शिवाय साध्या लाइव्ह यूएसबीत केलेले बदल बंद करताच पुसले जातात. ती दुरुस्तीचं हत्यार आहे.

टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या त्या क्षणीच्या प्रती) उत्तम, जरूर घ्या. बिघडलेलं अपडेट मागे फिरवायला त्यासारखं दुसरं काही नाही. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतील तर डिस्कबरोबर तेही गेले. आणि टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमच्या फाइलींसाठी आहे. होम फोल्डर तो आपणहून धरत नाही.

तिसरं म्हणजे, राखीव सिस्टिम हा तुमच्या फाइलींचा बॅकअप नाही. फाइलींच्या प्रती वेगळ्या डिस्कवर, शक्यतो कॉम्प्युटरच्या बाहेर असाव्यात. राखीव सिस्टिम तुम्हाला काम करायला जागा देते, हरवलेल्या फाइली परत देत नाही.

जागा कुठे द्यायची

सगळ्यात चांगली जागा म्हणजे वेगळी डिस्क. डेस्कटॉपचा मोठा फायदा हाच, की आत दुसरी डिस्क बसवायला बहुधा जागा असते. जुन्या कॉम्प्युटरमधून निघालेली १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी यासाठी पुष्कळ झाली. फिरती हार्ड डिस्कही चालेल. फक्त सिस्टिम उघडायला वेळ घेईल. जुनी डिस्क वापरणार असाल तर आधी तिची तब्येत तपासा. 'स्मार्टमोनटूल्स' हे पॅकेज टाकून 'सुडो स्मार्टसीटीएल -ए' आणि पुढे डिस्कचं नाव दिलं की अहवाल मिळतो. त्यात रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरच्या (डिस्कवरच्या खराब जागांच्या) ओळीत शेवटच्या, 'रॉ व्हॅल्यू' रकान्यात शून्याखेरीज आकडा असेल, तर ती डिस्क या कामाला घेऊ नका.

दुसरा पर्याय म्हणजे बाहेरची यूएसबी एसएसडी. पेनड्राइव्ह नको, सतत लिहिण्या-पुसण्याने तो लवकर दमतो आणि वेगही फार कमी. एसएसडीवर मात्र पूर्ण सिस्टिम छान चालते, आणि गरज पडली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरही बहुधा उठते.

एकाच डिस्कवर वेगळं पार्टिशन करणं हा तिसरा पर्याय. डिस्क बिघडली तर दोन्ही जातील, हे उघड आहे. पण अपडेटचा घोळ, चुकून पुसलेली पॅकेजं, ड्रायव्हरची भांडणं यांपासून तेवढ्यानेही संरक्षण मिळतं, आणि रोजच्या अडचणी बहुतेक याच जातीच्या असतात. दुसरी डिस्क नसेल तर तेवढ्यासाठी थांबून राहू नका.

किती जागा? डेस्कटॉप, ऑफिस, ब्राउझर आणि थोडी मोकळी हवा धरून ४० ते ५० जीबीत आरामात भागतं. २५ जीबीतही बसवता येईल, पण वर्षभराच्या अपडेटनंतर तुम्ही जुनी कर्नलं हुडकत बसाल.

कोणती डिस्ट्रो

इथे लोक सर्वाधिक वेळ घालवतात, आणि एवढं डोकं खपवायची गरज नसते. दोनच गोष्टी बघा: ती संथ बदलणारी असावी आणि मुख्य सिस्टिमपेक्षा वेगळ्या वळणाची असावी. मुख्य सिस्टिम आर्च किंवा फेडोरा असेल, तर राखीव म्हणून डेबियन स्टेबल ही माझी सरळ पसंती. मुख्य डेबियन असेल तर उबुंटूची एलटीएस (दीर्घ मुदतीच्या आधाराची) आवृत्ती किंवा ओपनसूझे लीप घ्या. रोलिंग डिस्ट्रो (आर्चसारखी, सतत नवी होत राहणारी) राखीव म्हणून ठेवू नये. चार-सहा महिने न उघडलेल्या आर्चला एकदम अपडेट करायला बसलं, की आधी पॅकेजांच्या सह्या तपासणाऱ्या किल्ल्यांच्या तक्रारी आणि मग हाताने निस्तरायच्या गोष्टी पुढ्यात येतात.

वेगळं वळण कशासाठी? एकाच डिस्ट्रोच्या दोन प्रती ठेवल्या आणि दोन्ही त्याच आठवड्यात अपडेट केल्या, तर तोच दोष दोघींत शिरतो. आवृत्त्यांच्या आधाराची मुदतही बघून ठेवा. उबुंटू एलटीएसला ५ वर्षं अपडेट मिळतात. डेबियनच्या आवृत्तीला ३ वर्षं पूर्ण आधार आणि पुढे २ वर्षं एलटीएस गटाचा आधार असतो. फेडोराची आवृत्ती साधारण १३ महिन्यांत संपते, त्यामुळे राखीवसाठी ती गैरसोयीची.

एक अपवाद ध्यानात ठेवा. तुमचं ग्राफिक्स कार्ड किंवा मदरबोर्ड अगदी नवं असेल, तर संथ डिस्ट्रोचा कर्नल त्याला ओळखेलच असं नाही. इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून स्क्रीन, आवाज, नेटवर्क हे तिन्ही चालतात का ते बघा. फर्मवेअरची (वायफाय, ग्राफिक्स वगैरे भागांना लागणाऱ्या कंपनीच्या फाइलींची) पूर्वीची कटकट आता बरीच मिटली आहे. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तिच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच लागणारं फर्मवेअर असतं.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आणखी एक सल्ला: राखीव सिस्टिमवर कंपनीचा ड्रायव्हर टाकूच नका. कर्नलबरोबर येणाऱ्या नूव्हो या ड्रायव्हरवर भागवा. खेळ हळू चालतील, पण पत्र लिहायला काही अडणार नाही, आणि कर्नल बदलल्यावर काळी स्क्रीन दिसण्याचं सर्वांत मोठं कारणच उरणार नाही.

इन्स्टॉल करण्याआधीची बांधाबांध

प्रथम फाइलींची प्रत काढा. मग सध्याची मांडणी लिहून ठेवा. 'एलएसबीएलके -एफ' ही आज्ञा चालवली की कोणत्या डिस्कवर कोणतं पार्टिशन, कोणती फाइल सिस्टिम आणि तिचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) काय, हे सगळं एका दृष्टीत दिसतं. 'सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही' ही दुसरी आज्ञा मदरबोर्डच्या स्मृतीतली बूटची यादी दाखवते. दोन्हींचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. कॉम्प्युटर बंद पडल्यावर त्यातली फाइल काही उपयोगाची नसते.

डिस्क एकच असेल तर मुख्य पार्टिशन लहान करावं लागेल. ते चालू सिस्टिममधून नव्हे, लाइव्ह यूएसबीवरून जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये करा. ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम लहान करता येतात. एक्सएफएस नेहमीच्या साधनांनी लहान होत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता ईएफआय पार्टिशन. २०१२ नंतरचा डेस्कटॉप असेल तर तो बहुधा यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या) पद्धतीने बूट होतो, आणि त्यासाठी फॅट३२ स्वरूपाचं एक छोटं पार्टिशन लागतं. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम असतील तर दोघींना ते एकच वापरता येतं, कारण प्रत्येक डिस्ट्रो त्यात आपापल्या नावाचा फोल्डर करते. इथे एक खाच आहे. लिनक्स मिंटची नेहमीची आवृत्ती आपला बूटलोडर 'उबुंटू' नावाच्याच फोल्डरात टाकते. म्हणजे मुख्य उबुंटू आणि राखीव मिंट अशी जोडी एकाच ईएफआय पार्टिशनवर ठेवली, की नंतरची आधीचीवर लिहिते. दोन उबुंटूंचंही तेच. अशी जोडी टाळा, किंवा दोघींना वेगळ्या डिस्कवर वेगळं ईएफआय पार्टिशन द्या.

डिस्क वेगळी असेल तर ईएफआय पार्टिशन वेगळं हवंच. नवी डिस्क जीपीटी (पार्टिशनं नोंदवण्याच्या नव्या) पद्धतीने आखा. सुरुवातीला ५१२ एमबी ते १ जीबीचं फॅट३२ पार्टिशन करून त्याला 'ईएसपी' ही खूण लावा (ईएसपी म्हणजे हेच ईएफआय पार्टिशन), उरलेल्या जागेवर ईएक्सटी४.

इन्स्टॉल करताना

इन्स्टॉलरला स्वतःहून डिस्क वाटू देऊ नका. हाताने पार्टिशन निवडण्याचा मार्ग घ्या. रूट (सिस्टिमचं मूळ पार्टिशन) म्हणून नवं ईएक्सटी४ पार्टिशन, आणि '/बूट/ईएफआय' म्हणून राखीव डिस्कवरचं ईएसपी.

वेगळी डिस्क असताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो इथेच. काही इन्स्टॉलर तुम्ही काहीही निवडलं तरी बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएसपीत नेऊन टाकतात. वरवर सगळं ठीक चालतं. मुख्य डिस्क मेली की त्या दिवशी कळतं. यावर बिनचूक उपाय म्हणजे इन्स्टॉल करताना मुख्य डिस्क कॉम्प्युटरला दिसूच द्यायची नाही. पॉवर बंद करून तिची साटा केबल काढा. एम.२ डिस्क (मदरबोर्डवरच बसणारी) असेल आणि ती काढणं जिवावर येत असेल, तर काही मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये तो स्लॉट बंद करता येतो. तेही नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून जीपार्टेड उघडून मुख्य डिस्कच्या ईएसपीवरची 'बूट, ईएसपी' ही खूण तात्पुरती काढा आणि इन्स्टॉल झाल्यावर आठवणीने परत लावा.

केबल काढून केलेल्या इन्स्टॉलनंतर एक गंमत होऊ शकते. मुख्य डिस्क परत जोडल्यावर तिची बूटची नोंद यादीतून गायब झालेली असते, कारण काही मदरबोर्ड न दिसणाऱ्या डिस्कची नोंद पुसून टाकतात. घाबरायचं कारण नाही, सिस्टिम जागेवरच असते. राखीव सिस्टिममधून तिची नोंद पुन्हा करता येते. ते शेवटच्या भागात येईल.

इन्स्टॉलर विचारेल ते नाव मुख्य सिस्टिममधलंच द्या. पहिल्या वापरकर्त्याला बहुतेक डिस्ट्रो १००० हा क्रमांक देतात. तो दोन्हीकडे सारखा असला की फाइलींच्या मालकीचा गोंधळ होत नाही. कॉम्प्युटरचं नाव मात्र वेगळं ठेवा. आणि डेस्कटॉपचं चित्र ठळकपणे वेगळं लावा. आपण कुठे आहोत हे न कळून भलत्याच सिस्टिममध्ये पॅकेजं टाकत बसणं फार सोपं आहे.

बूटची वाट स्वतंत्र ठेवा

दोन सिस्टिम म्हटलं की ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूत दोघींची नावं दिसावीत, असं सगळ्यांना वाटतं. मी मात्र या निवडीसाठी मदरबोर्डचा बूट मेन्यू वापरावा, या मताचा आहे. कॉम्प्युटर सुरू होताना एफ१२, एफ११, एफ८ यांपैकी जी कळ तुमच्या मदरबोर्डला लागू असेल ती दाबायची आणि डिस्क निवडायची. महिन्यातून एकदा लागणाऱ्या कामासाठी हे पुरेसं आहे. यात एक सिस्टिम दुसरीच्या बूटलोडरला हातही लावत नाही.

ग्रबमध्ये दुसरी सिस्टिम दाखवण्याच्या अडचणी अशा. ओएस-प्रोबर हे साधन डिस्क धुंडाळून दुसऱ्या सिस्टिमची नोंद करतं. पण २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून ते मुळात बंद असतं. चालू करायचं तर '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ घालून 'सुडो अपडेट-ग्रब' चालवावं लागतं. केलं, नाव दिसलं. मग राखीव सिस्टिमने स्वतःचा कर्नल अपडेट केला, जुना काढून टाकला, पण मुख्य सिस्टिमच्या मेन्यूत नोंद जुन्याच कर्नलची. ती निवडली की फाइल सापडत नाही म्हणून तक्रार.

ज्यांना मेन्यू हवाच आहे त्यांनी ओएस-प्रोबरऐवजी '/ईटीसी/ग्रब.डी/४०_कस्टम' या फाइलीत हाताने एक नोंद करावी. तिच्यात 'सर्च' आज्ञेने राखीव पार्टिशन यूयूआयडीवरून शोधायचं आणि 'कॉन्फिगफाइल' आज्ञेने तिथली 'ग्रब.सीएफजी' फाइल उघडायची. म्हणजे राखीव सिस्टिमचा मेन्यू तिने स्वतः लिहिलेला, नेहमी ताजा असतो. पण सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर चालू न देणारी मदरबोर्डची सोय) चालू असेल तर इथेही ठेच लागते. एका डिस्ट्रोचा शिम (ग्रबच्या आधी उठून सह्या तपासणारा छोटा बूटलोडर) दुसऱ्या डिस्ट्रोची सही ओळखत नाही, आणि 'बॅड शिम सिग्नेचर' असं म्हणून कर्नल नाकारला जातो. मदरबोर्डच्या मेन्यूतून गेलं की प्रत्येक सिस्टिम आपल्याच शिममधून उठते आणि हा प्रश्न येतच नाही.

बूटची दुसरी वाटही करून ठेवा. मदरबोर्डचा बायोस अपडेट केला किंवा सेटिंग पुसली की कधीकधी बूटची यादीच नाहीशी होते. अशा वेळी मदरबोर्ड प्रत्येक ईएसपीत एक ठरलेली फाइल शोधतो: 'ईएफआय' फोल्डरात 'बूट' फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४.ईएफआय'. राखीव डिस्कवर ही फाइल असलीच पाहिजे. डेबियनमध्ये 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४' चालवल्यावर बूटलोडरची एक प्रत या काढत्या-घालत्या माध्यमाच्या मार्गावर टाकू का, असा प्रश्न येतो, 'हो' म्हणा. बाहेरच्या यूएसबी एसएसडीसाठी तर हे केल्याशिवाय ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उठणारच नाही.

आता खरी परीक्षा. कॉम्प्युटर बंद करा, मुख्य डिस्क काढा किंवा स्लॉट बंद करा, आणि सुरू करा. राखीव सिस्टिम लॉगिनपर्यंत आली तर पुढे चला. नाही आली तर कारण आत्ताच शोधा, कारण आत्ता तुम्हाला घाई नाही.

स्वॅप, होम आणि एफएसटॅब

स्वॅपपासून सुरुवात करू, कारण त्रास देतो तो हाच. मुख्य डिस्क जोडलेली असताना बरेच इन्स्टॉलर तिच्यावरचं स्वॅप पार्टिशन दिसताच ते आपलंच समजतात आणि फॉरमॅट करतात. फॉरमॅट झालं की यूयूआयडी बदलतो. मुख्य सिस्टिम मात्र जुन्याच यूयूआयडीची वाट बघत बसते: स्क्रीनवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ, पुढे सेकंद मोजणारा आकडा, आणि मर्यादा दीड मिनिट. ९० सेकंद गेल्यावर ती निमूट सुरू होते, म्हणून लोक महिनोन्‌महिने 'हल्ली कॉम्प्युटर हळू झालाय' म्हणत चालवून घेतात. उपाय सोपा: 'एलएसबीएलके -एफ' मधला नवा यूयूआयडी '/ईटीसी/एफएसटॅब' मध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची याची यादी असलेल्या फाइलीत) टाका. त्याहून बरं म्हणजे राखीव सिस्टिमला स्वतःच्या रूटमध्येच २ ते ४ जीबीची स्वॅप फाइल द्या आणि सामायिक स्वॅपच्या वाटेला जाऊ नका. तुम्ही हायबरनेट वापरत असाल तर सामायिक स्वॅप म्हणजे सरळ धोका. झोपलेल्या सिस्टिमची सगळी स्मृती स्वॅपमध्ये असते, ती दुसरी सिस्टिम पुसून टाकेल. तसंच, मुख्य सिस्टिम हायबरनेट असताना तिचं पार्टिशन राखीवमधून लिहिण्यासाठी कधीही उघडू नये. फाइल सिस्टिम खराब होते.

होम फोल्डर दोघींत वाटून घेण्याचा मोह टाळा. होममध्ये तुमच्या फाइलींबरोबर प्रत्येक प्रोग्रॅमच्या लपलेल्या सेटिंगही असतात. मुख्य सिस्टिमवरचा नवा केडीई (एक डेस्कटॉप) त्या आपल्या पद्धतीने लिहितो, राखीववरच्या जुन्या केडीईला त्या उमगत नाहीत. फायरफॉक्स तर २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडूच देत नाही.

वाटून घ्यायच्या त्या फक्त फाइली. त्यांच्यासाठी वेगळं डेटा पार्टिशन असेल तर दोन्ही सिस्टिमना ते '/डेटा' असं जोडा आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरेंच्या जागी त्यातल्या फोल्डरांचे दुवे करा. राखीव सिस्टिमच्या एफएसटॅबमध्ये मात्र या ओळीला 'नोफेल' हा पर्याय द्यायलाच हवा, आणि सोबत 'एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०'. 'नोफेल' नसेल आणि ती डिस्क मेलेली असेल, तर राखीव सिस्टिम स्वतः धडधाकट असूनही आणीबाणीच्या मोडमध्ये अडकून बसेल. याच नियमाने, राखीवच्या एफएसटॅबमधली मुख्य डिस्कची प्रत्येक ओळ तपासा. मुख्य सिस्टिमचं रूट पार्टिशन हवं तेव्हाच उघडावं, म्हणून त्याला 'नोऑटो,आरओ' (आपोआप जोडू नये, जोडल्यास फक्त वाचता यावं) द्या.

राखीव सिस्टिम मुख्यपेक्षा जुनी असेल तर फाइल सिस्टिमच्या पातळीवरही एक अडचण येते. २०२३ मध्ये आलेल्या ई२एफएसप्रॉग्ज (ईएक्सटी४ ची साधनं) १.४७ पासून नव्याने बनवलेल्या ईएक्सटी४ पार्टिशनवर काही नवी वैशिष्ट्यं आपोआप चालू असतात. जुन्या डिस्ट्रोमधलं तपासणीचं साधन ती ओळखत नाही आणि नवी आवृत्ती आणा म्हणून हात वर करतं. म्हणजे ज्या सिस्टिमने मुख्यची दुरुस्ती करायची, तिलाच ते पार्टिशन तपासता येत नाही. डेटा पार्टिशन राखीव सिस्टिममधूनच बनवलं तर निदान त्याच्यापुरता हा प्रश्न राहत नाही.

कामाला तयार करा

यात फार काही सांगण्यासारखं नाही, पण करायचं राहून जातं तेही हेच. ब्राउझर, ऑफिस, मराठी फॉन्ट आणि तुमची टायपिंगची मांडणी, प्रिंटर, वायफायचा पासवर्ड, ईमेल. पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असतील तर ती एक फाइल दोन्हीकडे पोचेल असं करा, पण तिचा एकमेव मुक्काम मुख्य डिस्कवर नको. सर्व्हरवर शिरायला एसएसएच किल्ल्या वापरत असाल तर राखीवसाठी वेगळी जोडी करून सर्व्हरवर आधीच नोंदवा. दुरुस्तीची हत्यारंही आत्ताच टाकून ठेवा: जीपार्टेड, स्मार्टमोनटूल्स, जीडीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कची प्रत काढणारं), टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशनं शोधणारं), आर्च-इन्स्टॉल-स्क्रिप्ट्स (पुढे लागणारी आर्च-क्रूट आज्ञा यात आहे). इंटरनेट नसेल त्या दिवशी ती सापडणार नाहीत.

मुख्य सिस्टिम डेबियन-उबुंटू घराण्यातली असेल तर 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' या आज्ञेने तुम्ही टाकलेल्या पॅकेजांची यादी मिळते. ती फाइल राखीव सिस्टिममध्ये ठेवा. मुख्य पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ आली तर अर्धं काम तिथेच वाचतं.

महिन्यातून एकदा उघडा

राखीव सिस्टिम ही गाडीच्या स्टेपनीसारखी: डिकीत आहे एवढं पुरत नाही, हवा बघावी लागते. महिन्यातून एकदा तिच्यात जा, अपडेट करा, रीस्टार्ट करून पुन्हा तिच्यातच या, ब्राउझर उघडा, एक पान छापून बघा. आणि एक शिस्त पाळा: दोन्ही सिस्टिमना एकाच दिवशी अपडेट करायचं नाही. एकीचं झालं, ती आठवडाभर नीट चालली, मग दुसरीचं.

सिक्युअर बूट वापरणाऱ्यांना तर अपडेट टाळणं परवडणारच नाही. धोकादायक ठरलेले जुने बूटलोडर बाद करण्यासाठी एसबॅट नावाची यंत्रणा आहे, आणि किमान कोणती पिढी चालेल याची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत राहते, म्हणजे ती सगळ्या सिस्टिमना लागू होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने ही मर्यादा वाढवली तेव्हा शेजारी असलेल्या अनेक लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणत बंद पडल्या. दीड-दोन वर्षं न हललेली राखीव सिस्टिम नेमकी अशाच वेळी उठणार नाही. तसं झालंच, तर मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून आत शिरता येतं.

मुख्य सिस्टिम बसली तर

पहिली गोष्ट: हातातलं काम आधी संपवा. राखीव त्यासाठीच आहे.

मग सवडीने निदान. मुख्यचं रूट पार्टिशन '/एमएनटी' वर फक्त वाचण्यासाठी जोडा आणि 'सुडो जर्नलसीटीएल -डी /एमएनटी/व्हार/लॉग/जर्नल -ई' चालवा (यातला 'डी' कॅपिटल). बिघडलेल्या सिस्टिमच्या शेवटच्या नोंदी त्या सिस्टिममध्ये न शिरताही वाचता येतात. ड्रायव्हर फसला, पार्टिशन सापडलं नाही, की डिस्क वाचताना अडखळली, हे बहुधा तिथेच उमगतं. नुसता नवा कर्नल जुळत नसेल तर एवढं करायचीही गरज नाही. मुख्यच्या ग्रब मेन्यूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडून बघा.

आत शिरून दुरुस्ती करायची असेल तर पार्टिशन लिहिण्यासाठी पुन्हा जोडा. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर ते त्याच्या जागी, आणि मुख्यचं ईएसपी '/एमएनटी/बूट/ईएफआय' वर. बीटीआरएफएस असेल तर योग्य सबव्हॉल्यूम (पार्टिशनमधला उपभाग) सांगावा लागतो. उबुंटूत तो सहसा '@' आणि फेडोरात 'रूट' नावाचा असतो. मग 'सुडो आर्च-क्रूट /एमएनटी'. नाव आर्चचं असलं तरी ही आज्ञा कोणत्याही डिस्ट्रोसाठी चालते, आणि डेव्ह, प्रॉक, सिस या कर्नलशी बोलणाऱ्या फोल्डरांची जोडणी स्वतः करते. आता टर्मिनल मुख्य सिस्टिमचं आहे असं समजून काम करा. अर्ध्यावर राहिलेलं अपडेट 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि 'एपीटी -एफ इन्स्टॉल' यांनी पुरं होतं. 'अपडेट-इनिट्रामएफएस -यू -के ऑल' बूटची प्रतिमा नव्याने बांधतं. बूटची हरवलेली नोंद 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' यांनी परत येते. फेडोरा असेल तर आज्ञा वेगळ्या: तिथे ग्रबची पॅकेजं 'डीएनएफ' ने पुन्हा टाकायची आणि प्रतिमा 'ड्रॅकट' ने बांधायची. काम झालं की 'एक्झिट', आणि 'सुडो यूमाउंट -आर /एमएनटी' ('आर' कॅपिटल).

'ग्रब-इन्स्टॉल' नंतर बूटच्या क्रमात मुख्य पहिली आली का, हे 'ईएफआयबूटएमजीआर' ने बघा. क्रम बदलायचा तर '-ओ' पर्याय.

नोंदींमध्ये 'आय/ओ एरर' दिसत असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. आधी 'स्मार्टसीटीएल' चा अहवाल. डिस्क खरंच जात असेल तर तिच्यावर 'एफएससीके' (फाइल सिस्टिमची तपासणी) चालवणं म्हणजे तिला आणखी राबवणं. ते पार्टिशन जोडलेलं असेल तर आधी यूमाउंट करा, आणि जीडीडीरेस्क्यूने त्याची प्रतिमा दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. सोबत मॅपफाइल द्यायला विसरू नका, म्हणजे मध्येच डिस्क गायब झाली तरी पुढच्या वेळी काम सोडलं तिथून सुरू होतं. तपासणी, दुरुस्ती, फाइलींची शोधाशोध हे सगळं मग त्या प्रतिमेच्या प्रतीवर करायचं. मूळ डिस्क आणि तिची प्रतिमा एकाच वेळी जोडून ठेवू नका, कारण दोघींचा यूयूआयडी एकच असतो, आणि सिस्टिम त्यातलं नेमकं कुठलं उघडेल याचा भरवसा नसतो. बीटीआरएफएसच्या बाबतीत तर अशाने डेटा खराब होऊ शकतो.